समतेचा करार आणि परतीचा कौल : त्रिस्तान द कुन्हा बेटावरील लोकजीवनाचा इतिहास

१

लहान द्वीपसमाजांविषयी जे लेखन आजवर झाले आहे त्यात स्थूलमानाने दोन प्रवृत्ती आढळतात. एका प्रवृत्तीचे लेखक अशा बेटाकडे जगाच्या कोलाहलापासून दूर राहिलेले नंदनवन म्हणून पाहतात; दुसऱ्या प्रवृत्तीचे लेखक त्याच बेटात दैन्य, अज्ञान आणि निरुपाय यांनी वेढलेला बंदिवास पाहतात. वरवर परस्परविरुद्ध भासणाऱ्या या दोन्ही भूमिकांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. बेटाचा एकाकीपणा ही भूगोलाने कायमची नेमून दिलेली स्थिती आहे आणि तेथील माणसाचे जीवन त्या एकाच स्थितीचे फल आहे, असे दोघेही मानतात. हे गृहीत कितपत ग्राह्य आहे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारावयास हवा.

दक्षिण अटलांटिक महासागरातील त्रिस्तान द कुन्हा हे बेट या विचारासाठी विशेष उपयुक्त आहे. जगातील सर्वांत दूरस्थ वस्ती म्हणून त्याचा उल्लेख नेहमी केला जातो. केपटाउनपासून ते सुमारे २,८०० किलोमीटर, तर सेंट हेलेना या सर्वांत जवळच्या वसलेल्या भूमीपासून सुमारे २,४०० किलोमीटर अंतरावर आहे. तेथील वस्तीचा आरंभ १८१६-१७ मध्ये, म्हणजे लिखित कागदपत्रांच्या काळात झाल्यामुळे समाजाची जडणघडण पहिल्या दिवसापासून तपासता येते. आणि १९६१ ते १९६३ या दोन वर्षांत त्या समाजाला आपल्या जीवनक्रमाविषयी स्वतःचे मत उघडपणे नोंदविण्याचा जो प्रसंग आला, तो फारच थोड्या द्वीपसमाजांच्या वाट्याला आला असेल. त्या मताचा अर्थ लावणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

बेटाला नाव मिळाले ते हिंदुस्थानकडे निघालेल्या एका पोर्तुगीज आरमारामुळे. १५०६ मध्ये त्रिस्तांव द कुन्हा या सेनानीला पूर्वेकडे जाताना हे बेट दिसले. त्याच आरमारात आफोन्सो द आल्बुकेर्क होता, ज्याने पुढे १५१० मध्ये गोवा घेतले. पोर्तुगीजांनी मात्र येथे वस्ती केली नाही. मुख्य बेट हे समुद्रातून वर आलेल्या ज्वालामुखीचे शिखर असून त्याची उंची २,०६२ मीटर आणि क्षेत्रफळ सुमारे ९८ चौरस किलोमीटर आहे. चहूबाजूंनी कडे सरळ समुद्रात उतरतात. वायव्येकडील एक अरुंद सपाट पट्टी तेवढी वस्तीला योग्य आहे, आणि बेटाचा दोनशे वर्षांचा इतिहास बहुतांशी त्या पट्टीवरच घडला.

१८११ मध्ये सेलम येथील जॉनथन लँबर्ट नावाच्या अमेरिकन खलाशाने बेटाचा स्वामी म्हणून स्वतःची घोषणा केली; परंतु पुढच्याच वर्षी तो समुद्रात बुडाला. स्थिर वस्तीचे निमित्त ठरला नेपोलियन. सेंट हेलेनावर त्याला बंदिस्त केल्यानंतर आसपासच्या बेटांचा उपयोग कोणी शत्रूने करू नये म्हणून ब्रिटिशांनी ऑगस्ट १८१६ मध्ये त्रिस्तानवर एक लष्करी तुकडी उतरवली. वर्षभरातच या तुकडीची निरुपयोगिता ध्यानात येऊन ती परत बोलावण्यात आली. त्या वेळी तोफखान्यातील विल्यम ग्लास नावाचा स्कॉटलंडमधील केल्सो येथील कॉर्पोरल, त्याची केपमध्ये जन्मलेली पत्नी आणि मुले, तसेच प्लिमथकडील दोन गवंडी, सॅम्युएल बर्नेल व जॉन नॅनकिव्हेल, यांनी मागे राहण्याची परवानगी मागितली.

७ नोव्हेंबर १८१७ रोजी या तिघा पुरुषांनी एक करार लिहून त्यावर सह्या केल्या. गुरेढोरे आणि सामानसुमान यांवर सर्वांचा समान हक्क राहील, जो नफा होईल तो समान वाटला जाईल, खर्चही समान उचलला जाईल, आणि परस्परांत सलोखा राहावा म्हणून कोणीही दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ गणला जाणार नाही, अशा आशयाची त्यातील कलमे आहेत. हा करार तत्त्वचिंतकांनी केलेला नाही. लष्करी शिस्तीतून नुकत्याच सुटलेल्या आणि मजुरीवर जगलेल्या माणसांनी तो केला आहे. ज्यांनी आयुष्यभर इतरांचे हुकूम झेलले त्यांनी हुकूम देण्याचा अधिकारच रद्द करून टाकावा, यात स्वाभाविकता आहे. सामाईक मालकीचे कलम पुढे जसेच्या तसे टिकले नाही. घर, होडीतील वाटा, गुरे आणि बटाट्याचे वाफे ही कुटुंबांची झाली. जमीन मात्र आजही सामाईक आहे, आणि कोणी कोणावर वरचढ नाही हे तत्त्व कागद बाजूला पडल्यानंतरही वागणुकीत राहिले.

ग्लासचा मृत्यू १८५३ मध्ये झाला. बाहेरून येणारे लोक त्याला ‘गव्हर्नर’ म्हणत. त्याच्या पश्चात १८३६ मध्ये जहाज फुटून आलेला पीटर ग्रीन हा हॉलंडमधील काटवाइकचा खलाशी बाहेरच्या जगाशी बेटाच्या वतीने बोलू लागला आणि १९०२ मधील त्याच्या मृत्यूपर्यंत हे काम त्याच्याकडे राहिले. परंतु गावातील कोणाला अमुक काम कर असे सांगण्याचा अधिकार त्याला नव्हता, आणि तसा त्याने दावाही केला नाही. आपल्याकडील पाटलाशी त्याची तुलना करण्याचा मोह होईल. पण पाटलामागे सरकार, वतन आणि मानपान असतो. ग्रीनच्या मागे यांपैकी काहीही नव्हते.

३

आता एकाकीपणाच्या प्रश्नाकडे वळता येईल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील त्रिस्तान हे एकाकी बेट नव्हते. शिडाची जहाजे युरोपातून केपला वळसा घालून हिंदुस्थानाकडे व पूर्वेकडे जाताना दक्षिण अटलांटिकमधील पश्चिमी वाऱ्यांचा आधार घेत, आणि त्या मार्गावर त्रिस्तान पडे. शिवाय अमेरिकेतील देवमाशांची शिकार करणारी जहाजे त्या समुद्रात वावरत. बटाटे, भाजीपाला, मांस आणि गोडे पाणी यांच्या बदल्यात पीठ, चहा, साखर, कापड आणि अवजारे मिळत. वस्तीत नवी माणसे येत ती याच जहाजांमधून, कधी स्वेच्छेने तर बहुधा जहाज फुटल्यामुळे. ग्लास, स्वेन, ग्रीन, रॉजर्स, हॅगन, रेपेट्टो आणि लाव्हारेल्लो ही जी सात आडनावे बेटावर दीर्घकाळ नांदली, त्यांत इंग्रज, स्कॉट, डच, अमेरिकन आणि इटालियन असे पाच उगम दिसतात. शेवटची दोन १८९२ मध्ये ‘इटालिया’ हे जहाज फुटल्यावर मागे राहिलेल्या कामोलीच्या दोन खलाशांची.

शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. वाफेच्या जहाजांना वाऱ्याची गरज उरली नाही. देवमाशांचा धंदा उतरणीस लागला. आणि १८६९ मध्ये सुवेझ कालवा खुला झाल्यावर पूर्वेकडचा मोठा मार्गच बदलला. ज्या कालव्याने मुंबई युरोपच्या निकट आणली, त्याच कालव्याने त्रिस्तान जगाच्या कडेला ढकलले. बेट होते तेथेच होते, अंतरे तीच होती. परंतु त्यांचा अर्थ निराळा झाला. तेव्हा बेटाचा एकाकीपणा ही व्यापारी मार्गांच्या इतिहासाची निष्पत्ती आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या बदलाची किंमत किती भयंकर होती हे २८ नोव्हेंबर १८८५ रोजी कळून आले. जहाजे दुर्मिळ झाल्यामुळे दिसलेले प्रत्येक जहाज गाठणे निकडीचे झाले होते. त्या दिवशी ‘वेस्ट रायडिंग’ नावाचे जहाज दृष्टीस पडताच पंधरा पुरुष एका होडीतून त्याच्याकडे निघाले, आणि त्यांच्यापैकी एकही परत आला नाही. गावातील कर्त्या पुरुषांपैकी बहुतेक एका सकाळी नाहीसे झाले. शेकडा माणसांच्या गावात पंधरा माणसे बुडणे आणि नगरात पंधरा माणसे बुडणे यांत केवळ संख्येचे साम्य आहे. येथे होडी वल्हवणारे, छप्पर शाकारणारे, कड्यावर चढणारे हातच गेले. राहिलेल्या विधवा आणि मुले यांची कामे उरलेल्या मोजक्या पुरुषांवर आणि वृद्धांवर पडली. लहान बेटावर राहणे म्हणजे काय, याचे पहिले उत्तर येथे मिळते. तेथे प्रत्येक माणूस मोजला जातो, कारण त्याच्या जागी बसवायला दुसरा माणूस नसतो.

४

या समाजाच्या दैनंदिन व्यवहाराचे सर्वांत काटेकोर वर्णन १९३७-३८ मधील नॉर्वेजियन शास्त्रीय मोहिमेने केले. अर्लिंग ख्रिस्तोफरसन यांच्या नेतृत्वाखालील या मोहिमेत पीटर मुंक हे समाजशास्त्रज्ञ होते, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी त्रिस्तानचा अभ्यास चालू ठेवला.

त्या काळी बेटावर चलनी नाण्याचा व्यवहार नव्हता. बटाटा हेच मुख्य पीक, मुख्य अन्न आणि मूल्याचे माप. वस्तीपासून तीन-साडेतीन किलोमीटरवर दगडी गडग्यांनी वेढलेले वाफे होते आणि आजही आहेत. प्रत्येक कुटुंब आपले वाफे स्वतः कसते. बटाट्याचे हे मोल किती रूढ होते याची एक गमतीची साक्ष १९४६ मधील आहे. बेटासाठी तिकिटांचा जो नमुना त्या वेळी तयार करण्यात आला, त्यातील एका तिकिटावर एक पेनी या किमतीबरोबर चार बटाटे अशीही किंमत छापलेली होती.

घरे ज्वालामुखीच्या दगडाची, बुटकी, वाऱ्याला पाठ देऊन उभी असलेली. छप्पर आरंभी तेथल्या उंच गवताचे, पुढे न्यूझीलंडहून आणलेल्या अंबाडीसारख्या लांब पात्यांच्या वनस्पतीचे. छप्पर शाकारणे हे एका कुटुंबाला झेपणारे काम नव्हे. त्या दिवशी गावातील माणसे जमत, संध्याकाळपर्यंत काम उरकत आणि घरधनी सर्वांना जेवू घाली. आपल्या देशावरील इर्जिकीशी या प्रथेचे साम्य स्पष्ट आहे. याखेरीज दुसरा, अधिक निवडक संबंध होता. लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणून केलेल्या लांब होड्यांमध्ये वाटे असत, आणि त्या वाटेकऱ्यांचा एक ठराविक ताफा नाइटिंगेल या शेजारच्या बेटावर समुद्रपक्ष्यांची अंडी, चरबी आणि शेतीच्या खतासाठी त्यांची विष्ठा आणण्यास जाई. हा संबंध सावडीसारखा : कोणाशी करावयाचा हे ज्याने त्याने ठरवावयाचे, पण एकदा केला की पाळावयाचा.

मुंक यांच्या निरीक्षणाचा गाभा असा की, या समाजाला ‘साम्यवादी वसाहत’ म्हणणे चूक आहे. प्रत्येक घर आपल्या स्वातंत्र्याविषयी अत्यंत दक्ष असे. सर्वांनी मिळून करावे असे सामुदायिक काम फार थोडे होते. होते ते घराघरांमधील देण्याघेण्याचे घनदाट जाळे. समता येथे एकत्र मालकीतून आलेली नव्हती. कोणी कोणावर हुकूमत गाजवू नये या परस्परांनी मान्य केलेल्या संयमातून ती आलेली होती. आजही कुटुंबागणिक किती गुरे आणि मेंढ्या पाळाव्यात यावर मर्यादा आहे. तीमागे कुरण राखण्याचा हेतू आहे, तसाच एकाने इतरांपेक्षा फार पुढे जाऊ नये हाही आहे.

अर्थात या समतेलाही मोल द्यावे लागते. ज्या गावातून उठून दुसऱ्या गावी जाता येत नाही तेथे भांडण परवडत नाही. त्रिस्तानमध्ये हिंसा जवळजवळ अज्ञात होती हे सर्व निरीक्षकांनी नोंदविले आहे. परंतु ती स्वभावतः सौम्य माणसांची कथा नाही. ज्याच्याशी वितुष्ट आले तोच उद्या आपल्या होडीत वल्हे घेऊन बसणार आहे, याचे सतत भान असलेल्या माणसांची ती कथा आहे. संतापाच्या भरात कोणी गैर वागला तर ते दीर्घकाळ स्मरणात राही. थट्टा हीच सर्वांत कठोर शिक्षा. वर्षाच्या अखेरच्या रात्री मुखवटे चढवून तरुण पुरुष ‘ओकालोली’ बनतात आणि घराघरांत शिरून लोकांना, विशेषतः तरुण मुलींना, भेडसावतात. शिमग्यातील सोंगे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या प्रथेचे प्रयोजन समजावून सांगण्याची गरज नाही. जेथे वर्षभर प्रत्येकाचा चेहरा प्रत्येकाला पाठ असतो, तेथे एक रात्र चेहरा झाकण्याची मुभा ही सामाजिक गरज ठरते.

शरीरावरही या इतिहासाची मुद्रा उमटली आहे. आजच्या रहिवाशांचे पूर्वज म्हणून ज्यांची गणना होते अशी मूळ माणसे पंधराच्या आसपास. विवाह याच वर्तुळात होत राहिले, आणि त्यामुळे दम्याचे प्रमाण असाधारण वाढले. १९९० नंतरच्या दशकात टोरांटो येथील संशोधकांनी या विकाराच्या आनुवंशिकतेचा शोध घेण्यासाठी त्रिस्तानचीच निवड केली, ती याच कारणाने.

५

या समाजाच्या इतिहासातील एक महत्त्वाचे प्रकरण लिखित कागदपत्रांत जेमतेम आढळते. ते बोलीत मात्र सुरक्षित आहे. १८१७ च्या करारावर पुरुषांच्याच सह्या आहेत. १८२७ मध्ये बेटावरील पाच अविवाहित पुरुषांच्या विनंतीवरून एका जहाजाच्या कप्तानाने सेंट हेलेनाहून पाच स्त्रिया आणल्या. त्या कोण होत्या, त्यांनी हा प्रवास का पत्करला, याविषयी त्यांनी स्वतः काही लिहून ठेवलेले नाही. सेंट हेलेना ही ईस्ट इंडिया कंपनीची वसाहत होती. तेथे मादागास्कर, आफ्रिका आणि हिंदुस्थान येथून आणलेल्या गुलामांचे वंशज राहत आणि त्यांच्या व्यवहारात मिश्र घडणीची इंग्रजी रूढ झाली होती.

त्रिस्तानच्या बोलीचे पहिले सविस्तर वर्णन स्वीडिश भाषाशास्त्रज्ञ आर्ने सेटरस्टेन यांनी १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. १९९९ मध्ये डॅनियल श्रायर यांनी बेटावर राहून तिचा अभ्यास केला आणि २००३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. या बोलीत क्रियापदाला भूतकाळाचा प्रत्यय पुष्कळदा लागत नाही. तृतीयपुरुषी एकवचनाचा प्रत्यय गळतो. संयोजक क्रियापद वगळले जाते. गतकाळातील सवय दाखविणाऱ्या ‘यूस्टा’ या रूपापुढे मूळ धातूऐवजी भूतकाळी रूप येते, म्हणजे ‘यूस्टा गो’ऐवजी ‘यूस्टा वेन्ट’. स्वराने आरंभ होणाऱ्या शब्दांआधी ‘ह’ येण्याची प्रवृत्तीही आहे. यांपैकी प्रत्ययलोपाची लक्षणे केवळ ब्रिटिश बोलींच्या संकरातून सिद्ध होत नाहीत. सेंट हेलेनाच्या मिश्र भाषेशी त्यांचे नाते जुळते, आणि ती त्या स्त्रियांबरोबर आली असावीत हा श्रायर यांचा निष्कर्ष पटण्याजोगा आहे. ज्यांची नावे करारात नाहीत त्यांनी मुलांना बोलावयास शिकविले. कागदावरील इतिहास पुरुषांचा राहिला, तर व्याकरणात स्त्रियांचा इतिहास उतरला. याउलट १८९२ मध्ये आलेल्या इटालियन खलाशांची आडनावे टिकली, पण त्यांच्या भाषेचा प्रभाव जवळजवळ दिसत नाही. तोवर बोली स्थिरावली होती आणि नवागतांना तीच शिकणे भाग होते.

बेटावरील स्थलनामेही या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. एका जागेचे नाव ‘पाद्रीने आपले सामान उतरविले ती खालची जागा’ अशा अर्थाचे आहे, तर एका डोंगरसोंडेचे ‘जेथून बकरी उडी घेते ती सोंड’ असे. मूळ इंग्रजी नावांतील क्रियापदे प्रत्ययरहित आहेत, म्हणजे बोलीचे व्याकरण नावातच गोठले आहे. परंतु अधिक लक्षणीय गोष्ट अशी की, एकदा घडलेल्या क्षुल्लक घटनेवरून जागेला नाव पडते आणि ते पिढ्यान्‌पिढ्या चालते. आपल्याकडील शेतांच्या आणि पाणंदींच्या नावांत हाच प्रकार आढळतो. असे नाव तेथेच टिकते जेथे घटना सर्वांना ठाऊक असते आणि ती सांगणारा कोणीतरी सदैव उरतो.

६

दुसऱ्या महायुद्धाने बेटाच्या जीवनात पैसा आणला. १९४२ मध्ये नौदलाने हवामान व बिनतारी संदेशांचे केंद्र उभारले आणि बेटकऱ्यांना मजुरी मिळू लागली. १९४९ च्या सुमारास शेवंडीच्या मासेमारीचा उद्योग सुरू होऊन डबाबंद करण्याचा कारखाना निघाला. मुंक यांनी दाखविले आहे की, बेटकऱ्यांनी या उद्योगाचा स्वीकार केला तो आपल्या अटींवर. बटाट्याच्या कामाचा किंवा नाइटिंगेलच्या फेरीचा दिवस आला की ते कारखान्याकडे पाठ फिरवीत. व्यवस्थापनाला हा आळस वाटे. बेटकऱ्याच्या दृष्टीने आपल्या वेळेचा मालक आपणच असणे हा १८१७ पासून चालत आलेला हक्क होता.

ऑगस्ट १९६१ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात वस्तीलगतच जमीन फुगून फाटली आणि लाव्हा बाहेर पडू लागला. १० ऑक्टोबर रोजी सर्व माणसांना नाइटिंगेल बेटावर नेण्यात आले. तेथून एका डच जहाजाने केपटाउन आणि पुढे ३ नोव्हेंबर रोजी साउदॅम्प्टन. २६४ बेटकरी इंग्लंडमध्ये पोहोचले. प्रथम सरे परगण्यातील एका छावणीत आणि नंतर साउदॅम्प्टनजवळील कॅलशॉट येथे त्यांची सोय करण्यात आली. घरे मिळाली, वीज मिळाली, नोकऱ्या मिळाल्या, मुलांना शाळा मिळाल्या. बेटावर प्रतिकारशक्ती न घडलेल्या शरीरांना इंग्लंडमधील हिवाळ्यातील श्वसनरोगांनी ग्रासले आणि काही वृद्ध दगावले. तरीही सरकारी अधिकाऱ्यांची समजूत अशी होती की, एकदा आधुनिक सुखसोयींची चव लागली की हे लोक येथेच स्थायिक होतील. सव्वाशेहून अधिक वर्षे जगाने मागे टाकलेल्या माणसांना आता जगात परत आणले गेले आहे.

डिसेंबर १९६२ मध्ये गुप्त मतदान झाले. परत जाण्याच्या बाजूने १४८ मते पडली, विरुद्ध ५.

वसाहत खात्याला आणि वृत्तपत्रांना हा कौल अनाकलनीय वाटला. पण येथवरच्या विवेचनानंतर तो अनाकलनीय राहत नाही. कॅलशॉटमध्ये जे मिळाले ते सर्व दुसऱ्याच्या हाताखाली राहून मिळाले होते. कामाचा दिवस, कामाचा तास, कामाची पद्धत ही सारी दुसऱ्याने ठरविलेली. शेजारी दुसऱ्या शेजाऱ्याला ओळखत नव्हता आणि त्याला त्याची गरजही नव्हती. ज्या समाजात प्रत्येक माणूस मोजला जात होता तेथून ही माणसे अशा समाजात आली होती की जेथे कोणाच्या नसण्याने काहीच अडत नाही. त्यांनी निवड केली ती दोन राहणीमानांत नव्हे. आपली कोणाला गरज आहे की नाही, या प्रश्नाच्या दोन उत्तरांत केली.

आधी बारा जणांची तुकडी पाठवून बेटाची पाहणी झाली. घरे बहुतेक शाबूत होती. कारखाना आणि होड्या लावण्याचे किनारे मात्र लाव्हाखाली गेले होते. १९६३ मध्ये एप्रिलात एक आणि नोव्हेंबरात दुसरा, मोठा जथा परतला. १९६७ मध्ये जे लहान बंदर बांधण्यात आले त्याला कॅलशॉटचेच नाव देण्यात आले.

७

या परतीला विजयगाथेचे रूप देणे योग्य होणार नाही. १९६६ मध्ये ३५ जण पुन्हा इंग्लंडला निघून गेले, आणि त्यांच्यापैकी काही पुढे परत आले. म्हणजे निवड एकदा होऊन संपलेली नव्हती. प्रत्येक कुटुंबाला ती पुन्हा करावी लागली. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा या बेटाचे उदाहरण येथे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्रिस्तानच्या कौलाच्या मर्यादाही ध्यानात येतात. तेथेही पुरुष रोज सकाळी जमून दिवसाचे काम ठरवीत. कड्यांवरून पकडलेल्या पक्ष्यांची घरटी समान वाटणी होई. परंतु तेथील माणसे कुळे होती, जमीन मालकाची होती. १८५२ मध्ये ३६ जण ऑस्ट्रेलियाला गेले. पहिल्या महायुद्धात नौदलाचे केंद्र आले आणि युद्ध संपताच ते उठले. त्याने जागविलेली अपेक्षा मागे राहिली, तिला आधार देणारा उद्योग मात्र आला नाही. तरुण निघून जाऊ लागले. १९३० मध्ये उरलेल्या ३६ रहिवाशांनी स्वतःच अर्ज करून स्थलांतराची मागणी केली आणि २९ ऑगस्टला बेट रिकामे झाले.

सेंट किल्डा मुख्य भूमीच्या कितीतरी निकट होते, तरी ते सुटले; त्रिस्तान कितीतरी दूर असून टिकले. यावरून अंतर हे निर्णायक कारण नाही हे सिद्ध होते. होडी समुद्रात घालण्यास, छप्पर शाकारण्यास, वृद्धांना सांभाळण्यास किमान किती हात लागतात, याची एक रेषा प्रत्येक लहान समाजाला असते. ती रेषा सेंट किल्डाने ओलांडली होती. १८८५ मध्ये त्रिस्तान तिच्या अगदी जवळ येऊन थांबले, आणि १९६२ मध्ये शेवंडीच्या उद्योगाची आशा असलेल्या अडीचशेहून अधिक माणसांना परतण्याचा विचार करता आला. समतेची परंपरा दोन्हीकडे होती. तिला उभे राहण्यास लागणारी माणसे आणि जमिनीवरील हक्क एकाच ठिकाणी उरले होते.

आज त्रिस्तानवर अडीचशेच्या आत माणसे राहतात. केपटाउनहून वर्षातून मोजक्या वेळी जहाज येते आणि प्रवासाला सुमारे आठवडा लागतो. समुद्र मासेमारीस योग्य असेल त्या सकाळी घंटेप्रमाणे टांगलेले एक लोखंडी नळकांडे वाजवून गावाला वर्दी दिली जाते. मार्च २०११ मध्ये ‘ऑलिव्हा’ हे मालवाहू जहाज नाइटिंगेलच्या खडकावर फुटून तेल पसरले तेव्हा तेलाने माखलेल्या हजारो पेंग्विनांना धुऊन वाचविण्याच्या कामात गाव गुंतला. नोव्हेंबर २०२० मध्ये भोवतालचा सुमारे ६,८७,००० चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित घोषित करण्यात आला. मोठ्या राष्ट्रांना जे कठीण जाते ते इतक्या थोड्या माणसांनी मान्य केले, कारण शेवंडी संपली तर आपणही संपू हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागत नाही.

तेव्हा लहान बेटावरील जीवन नंदनवनही नाही आणि बंदिवासही नाही. ते एक कठोर शिस्तीचे जीवन आहे, आणि त्या शिस्तीचा शास्ता कोणी एक नसून सर्वजण आहेत. तेथे एकांत नाही, विस्मरण नाही, शेजारी निवडण्याची सोय नाही. त्याच्या बदल्यात कोणीही अनावश्यक नाही. हा सौदा परवडणारा आहे की नाही हे बाहेरच्यांनी ठरवावयाचे नाही. त्रिस्तानच्या लोकांना तो प्रश्न एकदा रीतसर विचारण्यात आला, आणि त्यांनी त्याचे उत्तर दोन्ही प्रकारचे जीवन भोगून झाल्यानंतर दिले, हे त्या मतदानाचे खरे ऐतिहासिक महत्त्व आहे.